जिभेचे चोचले कुणाचे?

आहाराचा विषय निघाला की बायकांच्या बैठकीतलं वातावरण बदलतं. मारहाण, रेशन, पाणी, सातबारावरचं नाव यांवर तावातावाने बोलणाऱ्या बायका एकदम गप्प होतात. काही तर ओशाळतात. कारण पुढे काय येणार हे त्यांना पाठ असतं. डॉक्टर, नर्सबाई, शाळेतले गुरुजी, टीव्हीवरच्या आहारतज्ज्ञ, सगळे एकच सांगतात: पालेभाज्या खा, कडधान्यं खा, मुलांना पाकिटातलं देऊ नका. बायका मान डोलावतात. बैठक संपते आणि घरी जाताना टपरीवरून वेफर्सचं नाहीतर कुरकुऱ्यांचं पाकीट पिशवीत पडतं.

मग शेरा येतो, ‘सांगून काही उपयोग नाही, यांना जिभेचे चोचलेच हवेत.’ या शेऱ्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. चांगलं काय हे माहीत असूनही माणसं खारं, चटपटीत, कुरकुरीत असं का निवडतात? हा प्रश्न फक्त आरोग्य खात्यावर सोडून चालणार नाही. घरोघरी अन्न शिजवणारी बाई आहे, वाढणारी बाई आहे, शेवटी जेवणारी बाई आहे आणि घरातलं पोर अशक्त निघालं तर बोल लागतो तोही बाईलाच. तेव्हा हा प्रश्न स्त्री-चळवळीचाच आहे.

तो किरकोळही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. २०१५–१६ मध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेलं. म्हणजे मधल्या काळात परिस्थिती सुधारली नाही, बिघडली. त्याच सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरच्या दर पाच बायकांपैकी एकीचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ती त्यासाठी गोळ्या घेते आहे. एकीकडे रक्त कमी आणि दुसरीकडे रक्तदाब जास्त, तेही एकाच वस्तीत, कधी एकाच घरात. मिठापुरतं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपल्याकडे सरासरी त्याहून बरीच जास्त भरते. आणि त्यातलं बहुतेक मीठ पाकिटातून नव्हे, तर अजूनही आपल्याच चुलीवरून, ठेच्यातून, लोणच्यातून, पापडातून येतं. सगळा दोष पाकिटावर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

आधी चवीचं बघू. खारट आवडणं हा स्वभावाचा दोष नाही. शरीराला मीठ लागतं. उन्हात खुरपणी करणारी, डोक्यावर वाळूची पाटी वाहणारी बाई घामावाटे ते गमावते आणि ते परत मागते. तान्ह्या बाळाला मात्र खारटाची ओढ नसते. साधारण चार-सहा महिन्यांनंतर ती दिसू लागते आणि पुढे घरात जे शिजतं त्याप्रमाणे वाढते. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही महिने कमी मिठाचं जेवण घेतलेल्या माणसांना आधीचं जेवण खारट वाटू लागलं आणि कमी मिठाचंच आवडू लागलं. याचा अर्थ इतकाच की चव लागते तशी बदलतेही. पण त्याला महिने लागतात आणि तेवढे महिने दोन्ही वेळा बरं, ताजं जेवण समोर यावं लागतं. ही अट किती घरांत पुरी होते?

कोरड्या भाकरीबरोबर मिरचीचा खर्डा का असतो? सुकटीची चटणी, लसणाचं तिखट, लोणच्याची फोड का असते? कारण भाजी नसली तरी भाकरी घशाखाली उतरली पाहिजे. मीठ आणि तिखट ही गरिबाची भाजीच आहे. ज्या ताटात डाळ पातळ, भाजी चमचाभर आणि दूध-अंडं सणासुदीला, त्या ताटातली सगळी चव मीठच आणतं. अशा ताटासमोर बसलेल्या बाईला ‘खारट कमी खा’ एवढंच सांगणं म्हणजे तिच्या जेवणातली उरलेली एकुलती एक चव काढून घेणं आहे. आधी ताटात दुसरं काही आलं पाहिजे.

चव कुणाच्या वाट्याला येते, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे बाईला ‘तुला काय खावंसं वाटतं?’ असं रीतसर विचारण्याची एकच वेळ असते, ती डोहाळ्यांची. तेव्हा चिंच, कैरी, आवळा, खारं-आंबट सगळं कौतुकाने पुरवलं जातं, कारण पोटात घराण्याचा वंश असतो. एरवी स्वयंपाक ठरतो तो नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, मुलांच्या आवडीवर. मटणाचे चांगले तुकडे कुणाच्या ताटात जातात आणि तळाचा रस्सा कुणाला उरतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो. बाटलीबरोबर चकणा मागणाऱ्याला कुणी चटोर म्हणत नाही. विधवेच्या जेवणातून तर चव मुद्दाम काढून टाकली जाई. एक वेळचं, बेचव जेवण हा तिच्या ‘पावित्र्या’चा भाग होता. घरचं वर्षाचं लोणचं घालणाऱ्या बाईला महिन्यातले चार दिवस त्याच बरणीला हात लावू न देणारी घरं आजही आहेत.

हे सगळं ध्यानात घेतलं की टपरीवरच्या पाकिटाचा अर्थ वेगळा दिसू लागतो. ते पाच-दहा रुपयांत मिळतं. ते घेण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. ते शिजवावं लागत नाही, वाढावं लागत नाही, त्याची भांडी घासावी लागत नाहीत. कामाच्या दोन घरांमध्ये चालता चालता, बसथांब्यावर, हात धुवायला पाणी नसताना ते खाता येतं. आणि मुख्य म्हणजे ते आधी कुणाला वाढून मग उरलेलं खायचं नसतं. सगळ्यांचं करून झाल्यावर बाईला स्वतःसाठी मिळणारी ती पाच मिनिटं असतात. यात चोचले कसले?

पण पाकीट बनवणाऱ्याला हे सगळं आपल्याहून चांगलं ठाऊक आहे. भारतात १९९५ मध्ये लेजचे वेफर्स आले, १९९९ मध्ये कुरकुरे आले. मक्याच्या आणि तांदळाच्या पिठाला दाबून, फुगवून, तेल-मीठ-मसाल्यात घोळवलेला हा पदार्थ बघता बघता वाडी-तांड्यापर्यंत पोचला. त्याची चव योगायोगाने जमलेली नसते. मीठ किती, तेल किती, दाताखाली आवाज केवढा, हे सगळं चाचण्या घेऊन ठरवलेलं असतं. तोंडात घातलं की ते विरघळतं, त्यामुळे पोटात किती गेलं याचा अंदाज येत नाही आणि हात पुन्हा पाकिटात जातो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं गेलं. दोन्हींत साखर, मीठ, चरबी सारखीच ठेवली होती आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातलं अन्न असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. ती काही दोन आठवड्यांपुरती लोभी झाली नव्हती. अन्नच तसं घडवलेलं होतं.

दुकानदाराचं गणितही सोपं आहे. पालकाची जुडी संध्याकाळपर्यंत माना टाकते, टोमॅटो सडतो, अंडं फुटतं. पाकिटाची माळ महिनोन्‌महिने दारात लटकते, तिला फ्रीज लागत नाही. ज्या गावाला भाजी आठवडी बाजारालाच मिळते, तिथे बाजारानंतर दोन-तीन दिवस ती पुरते. बाकीचे दिवस डाळ, चटणी, सुकट. पाकीट मात्र सातही दिवस असतं. तेव्हा तिथली माणसं भाजी सोडून पाकीट ‘निवडतात’ असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे निवडायला दुसरं काही ठेवलेलंच नाही.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पौष्टिक अन्नाची किंमत सगळे रुपयांत मोजतात. एका अंड्याची किंमत एका पाकिटाहून फार वेगळी नाही, मेथीची जुडीही परवडते, मग का खात नाहीत, असं विचारलं जातं. पण मेथी निवडायची कुणी? धुवायची, चिरायची, फोडणीला टाकायची कुणी? मटकी आदल्या दिवशी भिजवून, बांधून, मोड आणायचे कुणी? ज्वारी दळून आणून, पीठ मळून, एकेक भाकरी थापायची कुणी? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली, पुरुषांची ८८. आणि पुरुषांमध्ये घरकामाला हात लावणारेच मुळात थोडे. पौष्टिक अन्नाची खरी किंमत बाईच्या वेळात आणि कमरेत मोजली जाते. ती हिशेबात कुठेच येत नाही, म्हणून ते अन्न ‘स्वस्त’ वाटतं. पाकीट ही किंमत मागत नाही. थकलेली बाई ते घेते तेव्हा ती आपल्या दिवसातला अर्धा तास विकत घेत असते. दिवसभर राबून आलेल्या बाईला ‘घरी ताजं करून खाऊ घाला’ हा सल्ला देणारा, ते करणार कोण हे कधी सांगत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. संध्याकाळी बाबा येताना खाऊ आणतात, तो पाकिटातला. तो प्रेमाचा असतो. आई ताटात दोडक्याची भाजी वाढते आणि ‘संपव’ म्हणते. तो धाक असतो. चविष्ट ते वडिलांच्या कौतुकाचं, पौष्टिक ते आईच्या कटकटीचं, अशी वाटणी पोराच्या मनात लहानपणीच पक्की होते. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलेली आठ वर्षांची बहीणही त्याला गप्प करायला पाकीटच फोडते, कारण तिच्या हातात तेवढंच असतं. आणि पुढे पोराचं वजन भरलं नाही की अंगणवाडीच्या तक्त्यासमोर उभी राहते ती आई.

सरकार काय करतं? शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. आपापल्या गावातल्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून तो पाळला जातो का ते पाहा. चिली या देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळ्या अष्टकोनात ‘मीठ जास्त’, ‘साखर जास्त’ असे ठळक इशारे छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे २०२२ मध्ये त्याऐवजी तारे देण्याचा मसुदा आला. म्हणजे इशारा नव्हे, शाबासकी. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवून शाळांना लोकसहभागातून पैसा उभा करायला सांगितलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद नमकीन-भुजियावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पोराच्या ताटातलं अंडं सरकारला महाग झालं आणि शेवेचं पाकीट स्वस्त करणं परवडलं. यानंतर जिभेचे चोचले कुणाचे, असं विचारावंसं वाटतं.

याचा अर्थ आपण चवीविरुद्ध उभं राहायचं का? मुळीच नाही. खाऱ्या-तिखट पदार्थांवर किती बायकांचे संसार उभे आहेत! १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आज गावोगावचे बचत गट चटण्या, लोणची, शेव, चकल्या विकतात. शिवाय चविष्ट आणि पौष्टिक हे दोन शत्रू आहेत ही समजूतच नवी आहे. फुटाणे, खारे शेंगदाणे, हुरडा, उकडलेल्या शेंगा, तिखट-मीठ लावलेला पेरू, मोडाच्या मटकीची उसळ, कांदा-कैरी-कोथिंबीर घातलेली भेळ हे सगळं चटपटीतच आहे. कारल्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवायचं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मिठाने कडूपणा दबतो हे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. थोडं मीठ भाजी खायला मदत करतं. आरोग्याच्या नावाखाली मिळमिळीत, बेचव अन्न पुढे करणाऱ्यांनीच पौष्टिक या शब्दाला वाईट नाव दिलं आहे.

आणि ताजं अन्न स्वस्तात, चवीचं मिळू शकतं, हे बायकांनीच या महाराष्ट्रात करून दाखवलं आहे. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायका हजारो कामगारांना रोज पोळी-भाजी, डाळ-भात खाऊ घालत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तो स्वयंपाक घरातलाच होता, पण त्याला दाम होता. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खाणावळींची गिऱ्हाइकं पांगली. पण त्यातला धडा आजही खरा आहे. ताज्या अन्नामागचे बाईचे श्रम मान्य केले, त्यांना मोबदला दिला, एकीने केले, तर ते अन्न कामकरी माणसाच्या ताटापर्यंत पोचतं. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत १० रुपयांत चपाती, भाजी, वरण, भात मिळू शकला, तोही हेच सांगतो. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, ते काम गावातली महिला मंडळं आणि बचत गट यांना द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं होतं. बंद पाकिटातल्या तयार पिठाऐवजी गावातल्या बायकांच्या हातचं गरम, चवीचं अन्न मुलांना मिळावं, ही मागणी भावनेची नाही. ती रोजगाराची आहे आणि पोषणाचीही.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांपुढे काही गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली: आहारावरची बैठक उपदेशाने सुरू करू नका. ‘तुम्ही काय खायला हवं’ याऐवजी ‘तुम्हाला काय खावंसं वाटतं, आणि काल तुम्ही शेवटच्या कधी जेवलात?’ असं विचारा. गप्प बसलेल्या बायका बोलू लागतील.

दुसरी: या बैठकीला पुरुषांना आणि मुलग्यांना बोलवा. त्यांना पालेभाज्यांचे फायदे ऐकवू नका, भाजी निवडायला बसवा. ताटात पालेभाजी हवी असेल तर ती निवडायला दुसरे हात लागतील, एवढं साधं हे गणित आहे. घरात सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणं, उरलेलं नव्हे तर बरोबरीचं वाढून घेणं, ही सुद्धा आहाराचीच चळवळ आहे.

तिसरी: लोह वाढवायचं तर गोळ्यांबरोबर साध्या सवयीही सांगा. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, लिंबू पिळलं तर जास्त लागतं. सकाळी नुसत्या चहा-खारीवर कामाला जाणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगितलं आहे? आणि हे सांगताना तिला सकाळी भाकरी खायला वेळ का मिळत नाही, तेही विचारा.

चौथी: मागण्या स्पष्ट मांडा. शाळेतलं अंडं सरकारी खर्चाने परत सुरू करा. पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत इशारा छापा. शाळेजवळच्या विक्रीचा नियम पाळा. अंगणवाडीचा आहार गावातल्या बायकांच्या हाती द्या आणि त्यांना वेळेवर पैसे द्या. बाजारात आणि कामाच्या ठिकाणी बायकांसाठी पाणी आणि संडास द्या, म्हणजे त्यांना बसून, हात धुऊन जेवता येईल.

पाचवी: ज्या गटांचा खाद्यपदार्थांचा धंदा आहे, त्यांनी मीठ थोडं थोडं कमी करून पाहावं, शेंगदाणे-फुटाणे-डाळींचे पदार्थ वाढवावेत. हळूहळू केलं तर गिऱ्हाइकाच्या जिभेला ते मानवतं. नफा आपला आणि रक्तदाब दुसरीचा, असं आपल्या धंद्यात होऊ नये.

चांगलंचुंगलं खावंसं वाटणं हा बाईचा हक्क आहे. तो पाच रुपयांच्या पाकिटात उरकू देऊ नये आणि आरोग्याच्या नावाने हिरावूनही घेऊ देऊ नये. ताटात अन्न पुरेसं हवं, ते चवीचं हवं आणि ते शिजवण्याचं ओझं एकीच्याच कमरेवर नको. या तिन्ही गोष्टी एकदम मागायला हव्यात, कारण त्यातली एक सुटली की बाकीच्या दोन टिकत नाहीत.

तुमच्या वस्तीत, गावात, कामाच्या ठिकाणी बायका दिवसभरात काय खातात, कुठे खातात, कुणाच्या नंतर खातात, हे आम्हाला लिहून कळवा. तुमच्या गटाने काही वेगळं करून पाहिलं असेल, फसलं असेल किंवा जमलं असेल, तर तेही लिहा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळ